बैठकीच्या खोलीपर्यंत ओढलेली केबल

असनाकूनच्या घरातल्या दोन भिंतींना अजून भोकं आहेत. त्यांतून एक करडी केबल जाते, फाटकाजवळच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून छताच्या कडेने बैठकीच्या खोलीत. ती काढून टाक असं त्याला कोणी सांगत नाही. मीही सांगत नाही. भोकं पाडली तेव्हा शिडी मीच धरली होती.

आम्ही शेजारी. मी शाळेत भूगोल शिकवायचो, तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनमन होता. एकतीस वर्षं तो सरोवराकाठच्या आमच्या बालिक्ची गावाच्या वाऱ्यात खांबांवर चढला. इथला वारा माणसाला उभं राहू देत नाही, आणि त्याला तर खांबावर दोन्ही हात मोकळे ठेवायला लागायचे. बोलायचा कमी. दुसऱ्यांचं बोलणं तारेतून जात असताना मध्ये कान घालायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. तो त्याने एकदाच मोडला, आणि तोही चुकून.

तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. मार्च महिना. गावाबाहेरच्या खांबावर लाइन तपासत होता, कानाला हेडफोन. डोंगरापलीकडच्या नारिनहून एक बाई इथल्या पोस्टातल्या कारकुनाला सांगत होती की ओरमोन नावाचा ट्रकवाला खिंडीत दरडीखाली गेला, त्याचा मुलगा तुमच्याकडे तारांवर काम करतो, त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना कळवा. ओरमोन म्हणजे त्याचा बाप. खांबावरून उतरायला त्याला किती वेळ लागला हे त्याने कधी सांगितलं नाही.

आमच्यात मरणाची बातमी एकट्या माणसाने एकट्या माणसाला सांगायची नसते. म्हातारे जमतात, घरी येऊन मानाप्रमाणे बसतात, आडवळणाने बोलतात. ज्याला सांगायचं त्याच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी बसलेलं असतं. शेवटचा शब्द उच्चारला जातो तेव्हा त्याला धरायला हात असतात. त्या संध्याकाळी असनाकूनच्या घरीही म्हातारे आले. बसले. आडवळणाने बोलले. आणि त्याला ते पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायला लागलं. रडू मात्र आलं नाही. ते खांबावर संपलं होतं. बापासाठी डोळ्यात पाणी नाही आलं, हे गावाने पुढे पुष्कळ वर्षं लक्षात ठेवलं.

गेल्या नोव्हेंबरात त्याची बायको बुरुलचा गेली. सकाळी पीठ मळत होती, परातीशेजारीच बसली, आणि तेवढंच. तिसऱ्या दिवशी माती दिली. त्यांचा एकुलता एक मुलगा मिरलान रशियाच्या पार उत्तरेला, गॅसचे नळ टाकायच्या कामावर होता. तिथून हिवाळ्यात हेलिकॉप्टर आलं तरच सुटका, आणि ते पंधरा-पंधरा दिवस येत नाही. तीन दिवसांत तो पोचणं शक्य नव्हतं. त्या तळावर आमचा दुसरा कोणी माणूसही नव्हता, की ज्याला सांगावं, बाबा, चार जणांना घेऊन त्याच्याजवळ बस.

मातीहून परतल्यावर म्हाताऱ्यांनी ठरवलं, तूर्त सांगायचं नाही. पण चाळिसाव्या दिवसाच्या आत सांगायला हवं. चाळिसाव्याला आईच्या नावाने कुराण वाचतील आणि मुलाला ठाऊकच नाही, हे बरोबर नव्हतं.

"फोनवर सांग," त्याच्या मेव्हणीने, झुउरा-एजेने म्हटलं.

"नाही," असनाकून म्हणाला. तिने कारण विचारलं नाही. मला माहीत होतं.

आमच्यात सगळ्यात मोठे कासिमआली-अके; अके म्हणजे दादा, जसं एजे म्हणजे ताई. ब्याऐंशी वर्षांचे, आणि जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "माझ्या नातवाच्या मोबाइलवर बघितलंय मी. तळहाताएवढ्या काचेत एक तोंड मावतं, तेही अर्धं. त्यातून मरण सांगायचं? आम्ही काय एकामागून एक तोंड दाखवायला रांगेत उभं राहायचं, रेशनला राहतात तसं?"

म्हणून असनाकूनने ठरवलं की टीव्हीवर सांगायचं. बैठकीच्या खोलीत गावातले आठ म्हातारे मानाप्रमाणे बसतील, समोर मोठा टीव्ही, वर कॅमेरा. मिरलानला सगळे एकदम दिसतील, आणि सगळ्यांना मिरलान. हात पोचणार नाहीत, पण डोळे पोचतील. त्याच्यासाठी एवढंच करता येण्यासारखं उरलं होतं.

अडचण घराची होती. इंटरनेटची लाइन फाटकाजवळच्या खोलीत येते. तिथे बूट, कोळसा आणि राउटर. तिथे म्हाताऱ्यांना बसवता येत नाही. बैठकीची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये हातभर जाडीच्या दोन मातीच्या भिंती. वायफाय पहिल्या भिंतीत अर्धं जायचं, दुसरीत उरलेलं. बैठकीच्या खोलीत मिरलानचं तोंड चौकोन-चौकोन होऊन थांबायचं आणि आवाज मागून यायचा, तोही तुटका.

नवं सामान घ्यायची ऐपत नव्हती. मातीला आलेल्यांच्या जेवणासाठी घोडा कापला होता, चाळिसाव्याला दुसरा कापायचा होता. तेव्हा आम्ही स्टेशनामागच्या, लोखंडी कंटेनरांत दुकानं थाटलेल्या बाजारात गुलसूनकडे गेलो. गुलसून पूर्वी इंटरनेट क्लब चालवायची. पोरं मोबाइलवर खेळायला लागली तसा तो बंद पडला. आता ती बंद पडलेल्या ऑफिसांमधलं सामान विकते. आमच्या गावात त्याला तोटा नाही.

"काय हवंय, अके?"

"चित्र थांबायला नको."

"सगळेच तेच म्हणतात. घरात आत्ता काय ओढलंय?"

असनाकूनने अभिमानाने सांगितलं. घरात एक्स्चेंजच्या काळातली टेलिफोनची तार होती, चांगली, तांब्याची. आदल्या आठवड्यात त्याने तीच ओढून पाहिली होती. कमी पडली तिथे सोलून, पिळून, वर चिकटपट्टी लावून जोड दिला होता. एकतीस वर्षं असेच जोड दिले, एकही सुटला नाही.

गुलसूनने कपाळावर हात मारला. "अके, हा फोन नाही. फोनला तुम्ही कुंपणाची तार लावली तरी बोलतो बिचारा. यात चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीचा पीळ टोकापर्यंत राहायला लागतो. मध्ये जोड दिला की वेग मेला."

"म्हणजे एकतीस वर्षं मी जे केलं ते चूक?"

"तेव्हा बरोबर होतं."

असनाकून म्हणाला, "दाखव काय आहे ते."

तिने दाखवलं. एका बँकेच्या शाखेतून उपटून आणलेलं केबलचं भेंडोळं होतं. त्यात उंदरांनी कुठे कुठे खाल्लं होतं. असनाकून तिथेच गोणपाटावर बसला, बॅटरी आणि छोटा दिवा लावून एकेक तार तपासत. दोन तास. शेवटी अखंड असा चोवीस मीटरचा तुकडा निघाला. आम्हाला बावीस लागत होते. मग एक राउटर, कोपरा फुटलेला पण चांगला. बैठकीच्या खोलीसाठी स्विच, एका केबलच्या आठ करणारी पेटी. ती तिच्याच क्लबमधली होती. आणि कॅमेरा, कुठल्याशा संस्थेच्या बैठकांसाठी आणलेला, अख्खी खोली घेणारा.

"हा महाग आहे," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे एक्स्चेंजचं जुनं सामान असेल ना? माझा भाऊ सरोवराकाठी चहाचं दुकान काढतोय. परदेशी लोकांना भिंतीवर असलं काहीतरी टांगलेलं लागतं."

दुसऱ्या दिवशी त्याने तिला तपासणीचा फोन, खांबावर चढायचा पट्टा आणि हेडफोन नेऊन दिले. हेडफोन कुठले ते मी ओळखलं. तिने कॅमेरा एका पिशवीत घालून दिला, वर मूठभर स्क्रू टाकले आणि म्हणाली, "पैसे नकोत." रस्त्यात तो म्हणाला, "मास्तर, स्क्रू चांगले आहेत."

पुढचे तीन आठवडे काम चाललं. भिंतीची माती जुनी, दगडासारखी झालेली, एकेका भोकाला आठवडा लागला. आणि दर रविवारी दुपारी बाराला मिरलानचा फोन यायचा. फाटकाजवळच्या खोलीत, कोळशाच्या शेजारी, असनाकून त्याच्याशी बोलायचा.

"आई कुठंय?"

"झोपलीये."

"दुपारी?"

"थंडी आहे."

"मागच्या रविवारी पण झोपली होती. बाबा, तिला डॉक्टरकडे नेलंत का? ऐका ना, मोबाइल तिच्या खोलीत न्या, मी नुसतं बघतो."

मी दारात उभा होतो. असनाकूनने बुटाच्या टोकाने राउटरमधून केबल ओढली. मिरलानचं तोंड अर्धं उघडं राहून थांबलं. मग गेलं.

"तुटलं," असनाकून माझ्याकडे न बघता म्हणाला. जरा वेळाने त्याने वाकून केबल परत लावली, नीट, टक् आवाज येईपर्यंत. पुढच्या रविवारीही तसंच केलं.

छत्तिसाव्या दिवशी, शनिवारी, सगळं जोडून झालं. गुलसून स्वतः आली, तिच्या कंटेनरात बसलेल्या भाचीशी बोलून पाहिलं. स्विचवरचे हिरवे दिवे लागले. टीव्हीवर भाची इतकी लख्ख दिसली की तिच्या स्वेटरला निसटलेला धागा मला दिसला. कासिमआली-अकेंना तपासणीसाठी बोलावलं होतं. कॅमेऱ्यात स्वतःला बघून ते म्हणाले, "माझं नाक एवढं आहे?"

"कॅमेरा खोटं बोलत नाही, अके," गुलसून म्हणाली.

"मग जुना कशाला आणलास. नवा असता तर अजून थोडी लाज असती त्याला."

असनाकून हसला. नोव्हेंबरनंतर मी त्याला एकदाच हसताना पाहिलं, ते तेव्हा. भिंतीला टेकून तो केबलवरून हात फिरवत होता. कुठे जोड नव्हता.

रविवारी साडेअकराला म्हातारे आले. आठ जण. दारासमोरच्या मानाच्या जागी कासिमआली-अके, मग वयाप्रमाणे दोन्ही बाजूंना. डोक्यावर पांढऱ्या टोप्या. दाराजवळ असनाकून, त्याच्या मागे मी. शेजारच्या खोलीत झुउरा-एजे आणि बायका; शब्द उच्चारला गेला की त्या विलाप सुरू करणार होत्या. चहा ठेवला होता, पण कोणी कप उचलला नाही. कासिमआली-अके ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते. कुठून सुरुवात करायची, कुठल्या वळणाने न्यायचं, ते रात्रभर त्यांनी ठरवलं असणार. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

बाराला मिरलान आला. भिंतभर. आम्ही त्याला दोन वर्षांत असा पाहिला नव्हता. कानशिलावर पांढरे केस, गारठ्याने फुटलेला ओठ. मागे लोखंडी खाट, खिळ्याला अडकवलेलं जाकीट, बर्फाने पांढरी झालेली खिडकी. हातात पत्र्याचा मग, त्यातून वाफ.

"अरे वा, बाबा," तो हसत म्हणाला, "आज तर—"

आणि थांबला. चित्र थांबलेलं नव्हतं. त्याचे डोळे हलत होते. डावीकडून उजवीकडे, एकेका टोपीवरून. त्याने आम्हाला मोजलं.

कासिमआली-अकेंनी सुरुवात केली होती. "मिरलान, बाळ, डोंगरावर बर्फ पडतं तेव्हा ते कोणाच्या—"

"अके," मिरलान म्हणाला. "थांबा जरा. बाबा, आई कुठं बसलीये?"

असनाकूनचा पाय जमिनीवर किंचित सरकला. मी पाहिलं. पण बैठकीच्या खोलीत केबल त्याने पायाजवळ ठेवलीच नव्हती. छताच्या कडेला, कोणाचा धक्का लागू नये म्हणून, वर खिळवली होती.

मिरलानने हातातला मग समोर टेबलावर ठेवला. सांडू नये अशा बेताने, दोन्ही हातांनी. उठला. एक पाऊल टाकलं आणि चित्रातून गेला. दार वाजलं ते आम्ही स्पष्ट ऐकलं, कडीसुद्धा. मग तिथला वारा.

त्याला धरायला तिथे कोणी नव्हतं. आम्ही दहा म्हातारे त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघत बसलो.

कासिमआली-अके पुन्हा बोलायला लागले. सुरू केलेलं अर्ध्यावर सोडायचं नसतं. बर्फाचं, नदीचं, आईचं, सगळं त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं, जाकिटाकडे बघत. शेवटचा शब्द उच्चारला, तसा पलीकडच्या खोलीत झुउरा-एजेने गळा काढला. तो विलापही त्या कॅमेऱ्यातून तिकडे गेला असणार. कोणाकडे, देव जाणे.

मिरलान परत आला नाही. कॅमेरा बंद करायलाही नाही. असनाकून टीव्हीकडे बघत होता आणि त्याचे डोळे कोरडे होते. ते मी एकट्यानेच पाहिलं, असं मी स्वतःला सांगतो.

खाट. जाकीट. खिडकी. काही हलत नव्हतं. कासिमआली-अके हळूच म्हणाले, "असनाकून, बघ रे जरा. अडकलंय का काय ते?"

असनाकून उठला नाही. स्विचच्या दिव्यांकडेही त्याने बघितलं नाही.

"नाही, अके. चालू आहे."

"कशावरून?"

"वाफ," तो म्हणाला.

मगमधून अजून वाफ येत होती. बारीक, सरळ, मग जरा वाकडी. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. ती पातळ होत गेली. मग मला वाटलं, अजून आहे; मग वाटलं, नाही; आणि त्यानंतर चित्र चालू आहे की थांबलंय हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नसतं.