बँकॉकच्या गाडीवर मी काय बोलले

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. एक-दोनदा ओठांपर्यंत आली होती — मीच परत गिळली. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील, तर मला निर्भीड समजत असाल.

मी लोधिवलीची. बाबा खोपोलीच्या कारखान्यातून येताना सभांमधली पत्रकं घेऊन यायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. पुढे स्वतः लिहू लागले. ताटात काय आहे ते बघून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांवर मी एक पत्रक लिहिलं होतं — शेजारच्या चौक गावाच्या नाक्यावर उभी राहून ते मोठ्याने वाचलंही होतं. आवाज जरासुद्धा कापला नव्हता. मग बँकॉकमध्ये त्या संध्याकाळी मला कुणाची भीती वाटली? तिथे होतं तरी कोण?

तरुण लेखकांच्या शिबिरासाठी आम्ही काहीजण बँकॉकला गेलो होतो. सोबत मृण्मयी होती — कर्जतची, शिक्षकांच्या घरातली, माझी मैत्रीण. रस्त्यावरच्या एका गाडीवर शेवयांच्या सूपमध्ये काळपट, चौकोनी तुकडे दिसले.

"डुकराचं रक्त आहे म्हणे," मृण्मयीने मोबाइल माझ्यावर रोखला. "तू क्रांतिकारक ना गं? खा की मग!"

सगळे हसले. मीही हसले.

पण मी ते तुकडे पाहताक्षणी ओळखले होते. आमच्याकडे रविवारी रक्ती होते, बकऱ्याची. रक्त मंद आचेवर शिजवून घट्ट करायचं, तुकडे पाडायचे, कांदा-मिरचीवर परतायचे. लहानपणी मी चुलीपाशी बसून गरम तुकडे पळवायचे. गाडीवरचा पहिला घास तोंडात गेला आणि — कसं सांगू? — मला घरची आठवण आली. चव चांगली होती. मला अजून हवं होतं.

आणि मी डोळे गच्च मिटले. तोंड वाकडं केलं. "ईऽऽ" म्हणत घास कागदात थुंकला. छान जमलं मला ते. कुठून शिकले होते?

"तुमच्याकडे करतात ना गं असलं काहीतरी?" मृण्मयीने विचारलं. टोमणा होता का? नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"छे! असलं घाणेरडं कोण खातंय आमच्याकडे!"

घाणेरडं. हा शब्द कुणी माझ्या तोंडात घातला नव्हता.

तिने तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला; फिरत फिरत तो आमच्या गावातही पोचला. लेक विमानाने गेली म्हणून आमच्या आळीतल्या बायका आईच्या मोबाइलभोवती जमल्या होत्या, त्यांनीही तो पाहिला. मी परतल्यावर चुलती दारातच म्हणाली, "काय गं, आयच्या हातचं आता घाण झालं व्हय?" आई आत भांडी लावत होती. ती लावतच राहिली. तिला नीट ऐकू आलं नसेल, असं मी ठरवून टाकलं. ते सोपं होतं.

मग एका रविवारी मृण्मयी घरी आली. आईने तिच्यासाठी कोंबडी केली होती. जेवता जेवता मृण्मयी म्हणाली, "काकू, इकडे रक्ती करतात म्हणे. मला एकदा खाऊन बघायचीय. तुम्ही करता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकले असते. एवढंच तर म्हणायचं होतं — हो, करतो, मागच्या पडवीत पातेलं झाकून ठेवलंय, थांब, आणते. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"नाय गं बाय," आई म्हणाली. "आमच्यात नाय करत तसलं." आणि तिने मृण्मयीला रस्सा वाढला.

नाक्यावर उभी राहून मी जगाला सांगत होते, लाजू नका म्हणून. माझ्या आईला लाजायला मी शिकवलं. तिच्याच घरात, तिच्याच चुलीसमोर.

मृण्मयीला स्टँडवर सोडून मी परत आले, तेव्हा आई ओट्यावर बसली होती. माझी वाटच बघत होती.

"बरोबर बोलले ना गं मी?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.