मृगाआधी बदललेली कुंडी

आज कूलरला नवी खस बसवली, पाणी सोडल्याबरोबर तो ओला वास घरभर पसरला, आणि मला ती मे महिन्यातली दुपार आठवली. बाबांच्या खोलीत पडदे ओढलेले होते, कूलर घरघरत होता, आणि पलंगाजवळच्या कोपऱ्यातल्या रबर प्लांटची मुळं कुंडीच्या बुडातल्या भोकातून बाहेर आली होती. बाबा पावसाळा पाहतील असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि बाबांना ते सांगायची हिंमत मला झाली नव्हती. झाड त्यांनीच एका फांदीपासून वाढवलेलं, म्हणून मी म्हटलं, "बाबा, आज याची कुंडी बदलू नं." "एवढ्या तपनीत काहून वं? मृग लागू दे, मंग बदलू," ते म्हणाले. उन्हाळ्यात मुळांना हात लावायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. "नाही, आजच बदलू," मी जरा जोरातच बोलले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या घाईनेच त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. "बरं," ते हळूच म्हणाले, "मोठी कुंडी आण." मग पलंगावर पेपर पसरून त्यांनी गुंतलेली मुळं बोटांनी सोडवली, माती भरली, पण माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मृग लागायच्या आतच ते गेले. झाड मात्र अजून त्याच कोपऱ्यात आहे, छताला टेकायला आलंय. मे महिन्यात कुंडी बदलली तरी झाड जगतं, एवढं बाबांना सांगायचं राहून गेलं.