खिडकीतून पडलेल्याचं नाव

माझा धाकटा भाऊ बेकरीत भट्टीवर काम करतो. पाव भाजायचे म्हणजे जग उठायच्या आत उठायचं, त्यामुळे रविवारी चर्चच्या उपासनेत तो टेकला रे टेकला की घोरायला लागतो. बाकं टणक, पंखा कुरकुरणारा आणि पाळकसाहेबांचं प्रवचन संपता संपत नाही. मी म्हणते, माणूस झोपेल नाहीतर काय करेल? पण हा शहाणा झोपतो तोही पहिल्या रांगेत, कारण बायको गायनमंडळात गाते आणि नवरा तिला समोर दिसायला हवा असतो.

एका रविवारी पाळकसाहेबांचा संयम सुटला. प्रवचन अर्ध्यावर सोडून त्यांनी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या युतुखची गोष्ट काढली. हा पोरगा प्रेषिताचं लांबलचक प्रवचन ऐकता ऐकता खिडकीत बसून पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली आपटला. "झोपणाऱ्यांचं काय होतं ते बघा!" असं म्हणत त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. सगळी मंडळी खो खो हसली. भाऊ दचकून उठला आणि मोठ्यानं "आमेन" म्हणाला.

पुढे वर्षभरानं त्याला मुलगा झाला. इथे थट्टा जरा बाजूला ठेवते. भावजयीचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला ऑपरेशन करून बाळ काढलं, तेव्हा भाऊ आणि मी दाराबाहेर उभे होतो. नर्स बाळाला घेऊन शेजारच्या खोलीत धावली आणि दार तसंच उघडं राहिलं. बाळ निळं पडलेलं, हातपाय लुळे, आवाज नाही. डॉक्टर त्याच्या छातीवर दोन बोटांनी दाबत होते. भाऊ भिंतीला घसटत खाली बसला. मी मनातल्या मनात देवाला अशा शिव्या घातल्या, की त्या त्यानं पूर्वी ऐकल्या असतील असं वाटत नाही. मग मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी बारीक ओरडलं. पोरगा रडत होता.

भाऊही रडला, अगदी ढसाढसा. मग बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "ताई, हिला यातलं काही कळता कामा नये. पोर नुसतं झोपलं तरी हिचा जीव वरखाली होईल."

घरी येऊन त्यानं जन्मात पहिल्यांदा आपणहून शास्त्र उघडलं आणि युतुखची गोष्ट शेवटपर्यंत वाचली. पाळकसाहेब पोराला खाली पाडून थांबले होते. पुढे असं होतं, की लोकांनी त्याला मेला म्हणून उचललं आणि तो जिवंत निघाला. भाऊ म्हणाला, "ठरलं."

नाव ऐकून त्याच्या सासूबाई म्हणाल्या, "हे नाव आहे की शिंक?" बेकरीच्या मालकाला ते खोकल्याचं औषध वाटलं. माझ्या नवऱ्यानं शाळेतली पोरं काय काय चिडवतील ते बसल्या बसल्या सांगायला घेतलं, तेव्हा मी त्याला भाजी आणायला पिटाळलं. गायनमंडळातल्या बायकांनी तर निकालच लावून टाकला: हा पाळकसाहेबांवर सूड उगवतोय. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून भाऊ सगळ्यांना "आवडलं म्हणून ठेवलं" एवढंच सांगायचा. भावजय मात्र गप्प होती. मला वाटलं, मनातून चिडली असेल.

पाळकसाहेबांनी भावाला खोलीवर बोलावून घेतलं. "माझी टिंगल करणाऱ्या नावानं मी बाप्तिस्मा देणार नाही. योहान ठेव. की दुसरं काही कारण आहे? असेल तर सांग."

आता पाळकसाहेबांना सांगायचं म्हणजे त्यांच्या बायकोला कळणार, आणि त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. भाऊ म्हणाला, "तुमच्या प्रवचनाची आठवण म्हणून, साहेब." पाळकसाहेब लालबुंद झाले आणि योहान पक्का झाला. "नाव गेलं तर जाऊ दे, ती सुखात राहू दे," असं मला येऊन सांगताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मला पाळकसाहेबांचा इतका राग आला, की त्या रविवारी मी दानपेटी काही न टाकता सरळ पुढे सरकवली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी पाण्यात बोटं बुडवली आणि विचारलं, "बाळाचं नाव?"

भाऊ म्हणायला लागला, "यो..."

"युतुख," भावजय म्हणाली. गाऊन कमावलेला आवाज तिचा, शेवटच्या बाकापर्यंत गेला. कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई, आपलं ठरलंय," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमचं ठरलंय. माझं पोर उचललं तेव्हा मेलेलं होतं."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथल्या तिथे 'मी नाही सांगितलं' अशी जोरात मान हलवली.

"ताईंकडे काय बघतोस?" भावजय त्याला म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही. भूल कमरेखाली दिली होती, कानांना नव्हती. पडद्यामागून सगळं ऐकत होते मी. तो रडेपर्यंत मीही श्वास घेतला नव्हता. तू मला इतका जपत होतास, म्हणून मी तुला कळू दिलं नाही."

मला उभ्या उभ्या रडू कोसळलं आणि मी ते लपवलं नाही. भाऊ बायकोचा हात घट्ट धरून खाली बघत होता.

पाळकसाहेबांची बोटं पाण्यातच होती. ती त्यांनी बाहेर काढून झग्याला पुसली, बाळाला तिच्याकडून अलगद घेतलं आणि छातीशी धरलं. मग त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की आम्हा पुढच्यांनाच ते ऐकू आलं.

"नाव परत एकदा सांग, मुली. मला नीट म्हणायचंय."