लग्नपत्रिकेची फाईल

रविवारी दुपारी वडिलांनी फोनवर आलेली लग्नपत्रिका उघडली. कुणी हळदीकुंकू लावलेली पत्रिका हातात दिली की त्या वासाने मला ती दुपार आठवते. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड भिंतीतून येत होती आणि पाळी संपवून आलेले वडील जेवत होते. पत्रिका गावाकडच्या चुलत्यांच्या नंबरवरून आली होती. “बाबा, पत्रिकेचा फोटो येतो. ही फाईल फोनमध्ये बसवायला सांगतेय, राहू द्या,” मी म्हणाले. “पत्रिका उघाडी नही ते भाऊबंद काय म्हनतीन? तू तुनी पुस्तकं वाच,” असं हसत म्हणून त्यांनी स्क्रीनवर बोट दाबलं. संध्याकाळपर्यंत तीच फाईल वडिलांच्या नंबरवरून आपोआप सगळ्या भाऊबंदांकडे गेली, आणि ज्यांनी ती उघडली त्यांची बँकखाती रिकामी झाली. “दादा, तूच आमले लुटं ना रे!” धाकटे काका फोनवर ओरडले. वडील एकेकाला समजावत राहिले, पण कुणी ऐकून घेतलं नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले. सगळ्यांचे नंबर त्यांच्याच फोनमध्ये होते, म्हणून दहाव्याचा निरोप मी तिथूनच पाठवला. फसवणूक समजून तो कुणीच उघडला नाही, आणि दहाव्याला कुणी आलं नाही. आता मी सुरतेत एकटी राहते आणि गावी जात नाही.