दोन बोटं माया

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत एक शिवणबाई बसते. तिला सगळे उद्याबाई म्हणतात, कारण कपडा कधी मिळेल या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर आहे. त्या उत्तरावर विश्वास ठेवून मी एकदा स्वतःच्या निरोपसमारंभाला जुन्याच कपड्यांत गेले होते. शिवाय बाई तोंडाळ. माप घेताना गिऱ्हाइकाला "कमरेला टायर बांधलाय का?" असं सरळ विचारते. तिची आरती ओवाळायला मी बसलेले नाही.

पण तिच्या शिवणीत माया असते. शिलाईच्या आत जी जादा पट्टी सोडतात ती माया. हा शब्द त्या पट्टीला ज्याने दिला त्याला माझा नमस्कार. इतर शिंपी बोटभर सोडतात, ही दोन बोटं. शाळेचा शर्ट यंदा पोराला अंगासरशी, पुढच्या वर्षी शिलाई उसवून माया मोकळी केली की पुन्हा अंगासरशी, आणि त्यानंतर धाकट्याच्या अंगावर. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं अशी एकमेकांच्या शर्टांतून मोठी झाली.

तिचा जावई तयार कपड्यांच्या कारखान्यात साहेब. मोठा साहेब नव्हे; मोठ्या साहेबांची वाक्यं घरी घेऊन येणारा साहेब. कारखान्यामुळे पक्का रस्ता झाला, गल्लीतल्या पोरींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. खोटं कशाला बोलू? पण एवढं सांगून थांबेल तर तो जावई कसला. सुट्टीच्या दिवशी तो सासूच्या खोलीत स्टुलावर बसायचा आणि चहा निवेपर्यंत विकासाचा दर समजावून सांगायचा. दर चढला की सगळ्यांचं भलं होतं, वरच्याचं भरलं की खालच्याकडे सांडतं, वगैरे. सांडलेलं पुसायला कोण येतं, हे त्याच्या साहेबांनी त्याला सांगितलं नसावं.

एका उन्हाळ्यात मी माझ्या न झालेल्या कपड्यासाठी तिथे ताटकळत होते, तेव्हा त्याचा मूळ सिद्धान्त बाहेर पडला.

"अहो आई, तुमचा एक शर्ट तीन वर्षं चालतो. म्हणजे दोन शर्ट विकलेच जात नाहीत. सगळे असे वागले तर वाढ व्हायची कशी?"

"पोरगं वाढतंय की, जावईबापू. आणखी काय वाढवायचंय?"

"पोराची नाही हो. देशाची वाढ."

"मग देशाला घेऊन या मापाला. शिवून ठेवते."

"कधी?" मी विचारलं.

"उद्या," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.

त्याच उन्हाळ्यात शाळेने फर्मान काढलं की गणवेश कारखान्याचाच हवा, खिशावर कारखान्याच्या शिक्क्यासह. उद्याबाईचं वर्षभराचं पोट त्या गणवेशांवर होतं. शाळा सुरू झाली आणि तिच्या मशीनवर धूळ बसली. घरमालक तर टपूनच होता. भाडं एकदा चुकलं असतं तर त्याने तिथे मोबाइलची कव्हरं टांगली असती. भाडं भरून खोली राखायची एवढ्यासाठी बाईने दिवसा खोलीला कुलूप लावलं आणि जावयाच्या शब्दावर त्याच कारखान्यात नोकरी धरली. गल्लीतल्या शहाण्यांनी याला प्रगती म्हटलं. याच शहाण्यांच्या विजारी तिने वर्षानुवर्षं सैल करून दिल्या होत्या.

पुढचं मला तिथे काम करणाऱ्या पोरींनी हसत हसत सांगितलं. तिथे गणवेशाचा अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. एक कॉलर लावते, एक खिसा, एक बटणं. उद्याबाईच्या वाट्याला कडेच्या शिलाया आल्या. कापडाची कड टेकवून शिलाई सरळ यावी म्हणून मशीनला एक छोटी पट्टी असते. बाईला ती बोटाला अडू लागली. तिने ती बाजूला सारली आणि उभा जन्म जशी शिलाई घातली तशी घातली, कडेपासून दोन बोटं आत.

कापड अगदी मापात कापलेलं. त्यातून दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आत गेल्यावर व्हायचं तेच झालं. तपासनिसाने शर्ट पुतळ्याला चढवला, तो छातीवर बसेना. दुसरा घेतला, तोही तसाच. अख्खा ढीग नापास झाला.

जावई संध्याकाळी तिच्याकडे आला तो स्टुलावर बसलाच नाही.

"आई, मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता. पट्टी होती ना मशीनला?"

"हात गेला, जावईबापू. माया ठेवायची सवय."

"तुम्ही माया ठेवलीत म्हणून शर्ट तंग झाले. तिथे मायेला जागाच नसते."

आपण काय बोललो हे त्याचं त्याला कळलं असतं तर पुढचं सगळं लिहिण्याची वेळच आली नसती. पण नाही. तो विकासदर जाणणारा माणूस. त्याला साध्या वाक्यांचा अर्थ कुठून लागणार? त्याच आठवड्यात बाईची नोकरी गेली. घरमालक खोली मोजायला टेप घेऊन आला, तेव्हा तिने त्याला टेप उलटी धरलीय असं सांगून परत पाठवलं. पण ती घाबरली होती. त्या दिवशी तिने माझा कपडा चक्क वेळेवर दिला, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

मग एके सकाळी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर ते नापास शर्ट आले, वजनावर. कारखान्याचेच, खिशावर शिक्क्यासकट; शाळेची बोलायची सोय नाही. आयांनी ते बारक्या पोरांना घेतले, आणि ज्यांची पोरं थोराड होती त्या शर्ट घेऊन थेट जिन्याखाली आल्या. उसवून देतेस का गं? उद्याबाईने शर्ट उलटा केला. आत तिचीच दोन बोटं माया होती. तिने कुलूप आत खुंटीला टांगलं, मशीन पुसलं आणि गाडीवरचे उरलेले शर्ट वजनावर घेऊन खोलीत आणले. घरमालकाचं भाडं त्या गाडीवरच्या शर्टांनी भागवलं, कारखान्याच्या वाढीने नव्हे.

वर्षाच्या मध्यावर जावई आला, आपल्या शाळकरी लेकीला घेऊन. नातीचा शर्ट, दुकानातून नवाकोरा घेतलेला पास शर्ट, काखेत तडकला होता.

"आई, जरा मोठा करून द्या."

उद्याबाईने तो उलटा करून त्याच्यापुढे धरला. "आत काही नाही. नवा घ्या, जावईबापू. तेवढीच देशाची वाढ."

"दुकानात आता गणवेश नाहीत. थंडीचा माल लागलाय," तो खाली बघत म्हणाला.

बाईने ढिगातून एक नापास शर्ट ओढला आणि नातीच्या पाठीला लावून पाहिला. "दोन्ही बाजू उसवाव्या लागतील."

"कधी मिळेल?"

"उद्या."

तो दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा तिने शर्टाला हातही लावलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी एक बाजू उसवून झाली होती. तो स्टुलावर बसून राहिला. विकासदराचं नाव नाही. नात मात्र शाळा बुडते आहे म्हणून खुशीत जिन्यावर उड्या मारत होती.