चढावरची खुशाली

आमचे सासरे एकाएकी गोड वागायला लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण सगळं गाव इतकं खूश होतं की माझी पाल कुणी ऐकून घेईना.

आबा म्हणजे गावातला एक नंबरचा तुसडा माणूस. कुणी रामराम घातला तर मान हलवायचे, आणि तीही हलली की नाही अशी शंका यावी इतकीच. लग्नाकार्यात कोणी हसून बोललं, तर याचं काय काम अडलंय, अशा नजरेनं बघायचे. बैलाची पारख करण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नाही. काष्टीच्या बाजारातून जनावर घ्यायचं तर लोक त्यांना आग्रहानं सोबत नेत आणि अख्ख्या वाटेत त्यांचं मौन सोसत.

माझं आणि त्यांचं वैर मिठावरून. त्यांना बीपी आहे. गोळी चक्कर आली की घ्यायची, एरवी डब्यात राहू द्यायची, हा त्यांचा स्वतःचा शोध. "रोज गोळी खाल्ली तर आजारी मानसात आन माज्यात फरक काय ऱ्हायला?" असं विचारायचे. म्हणून भाजीत मी मीठ कमी टाकायची आणि ते भाकरीशेजारी मिठाचा ढीग मांडून बसायचे. मी कोपरगावची, म्हणजे त्यांच्या भाषेत "कारखान्याच्या साखरंवर वाढलेली". "साखरंवर वाढलेल्याला मिठाची किंमत काय कळनार?" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. मीही काही गरीब गाय नाही. एकदा मीठदाणीत मी पिठीसाखर भरून ठेवली होती, तेव्हा घरात जे महाभारत झालं ते आमच्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

आमचं घर गावठाणाच्या माथ्यावर. दूध डेअरी खाली, रस्त्याला. रोज सकाळी आबा किटली घेऊन खाली उतरायचे आणि रिकामी किटली घेऊन वर यायचे. गेल्या हिवाळ्यात तो चढ चढताना त्यांनी माणसांशी बोलायला सुरुवात केली. पहिल्या वळणावरच्या म्हातारीला विचारलं, शेळी व्याली का. वरच्या शिलाई मशीनवाल्याची मुलगी पोलीस भरतीसाठी रोज तोच चढ पळत चढायची. त्याला विचारलं, पोरीची तयारी कुठवर आली. गावाला आधी धक्का बसला, मग कौतुक सुरू झालं. म्हातारी मला म्हणाली, "आबाचा सभाव लई निवळला गं. वय झालं की मानूस मऊ पडतं."

माणूस मऊ पडला होता, तर घरात का नाही पडला? घरात तर मिठाचा ढीग होता तसाच होता. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालता घालता चढाकडे लक्ष ठेवायला लागले. सासूबाईंना वाटलं, सुनेला आता धुण्याची गोडी लागली.

आबा खाली जाताना कुणाशीच बोलत नव्हते. म्हातारी दारात उभी असली तरी सरळ पुढे. माणुसकीला पाझर फुटायचा तो फक्त वर येताना. त्यात ते प्रश्न विचारून उत्तर ऐकत नसत. एक हात भिंतीला, नजर जमिनीला, आणि म्हातारी शेळीचं पुराण सांगतेय. थोड्या वेळानं दम परत आल्यासारखा दिसे, की पुराण अर्ध्यात टाकून चालायला लागत. थंडीत आमच्या तोंडातून वाफा निघायच्या आणि आबा टोपीनं घाम पुसत घरात यायचे.

"डावा हात का चोळताय?" मी विचारलं.

"किटलीनं अवघाडलाय."

किटली ते उजव्या हातात धरायचे. मी तसं म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या हातात धरली. असा माणूस.

छातीत काही होतं का, हे विचारायची तर सोयच नव्हती. "ग्यास हाय" हे उत्तर तयार. सासूबाईंचा ओवा आणि काळं मीठ तयार, टपरीवरचा सोडा तयार. ढेकर आला की सगळ्यांना हायसं वाटायचं. आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा माणसं आवडायला लागलीत, तर तुझ्या पोटात दुखायला लागलं!" मला मात्र भीती वाटत होती, खरीखुरी. माझ्या माहेरी शेजारच्या काकांचाही असाच 'गॅस' होता. सोडा पिऊन ते पडले, ते उठलेच नाहीत. आणि हा खाष्ट म्हातारा मला हवा होता. भांडायला घरात तेवढ्या तोलाचं दुसरं कुणी नाही.

त्या आठवड्यात हे आबांना घेऊन बैल बघायला काष्टीला जाणार होते. मीही भाजीच्या पिशव्या घेऊन टेम्पोत चढले. बाजार करून बैलांच्या बाजूला गेले, तर आबांभोवती पाचसहा शेतकरी गोळा झालेले. आबा एका खोंडाचे दात बघून, खूर बघून, त्याला चालवून बघत होते. पारख करताना ते खुशीत असतात. मी पुढे झाले.

"आबा, माझ्या भावाला एक बैल घ्यायचाय. तेवढं सांगा."

"इचार."

"सपाटीला चांगला चालतो. चढ लागला की थांबतो. जरा उभा राहिला की पुन्हा चालतो."

आबांनी हातातला खोंडाचा कासरा सोडला. "घाम?"

"थंडीतसुद्धा."

"खातो का?"

"हल्ली वैरण अर्धी टाकून उठतो. मालक म्हणतो, पोटात वायू धरलाय, बाकी काही नाही."

"मालक गाढव हाय!" आबा कडाडले. भोवतीची माणसं सरसावून ऐकू लागली. "वायूचं जनावर उभं राह्यलं म्हनून बरं हुतं व्हय? त्याचा आतून दम तुटलाय. असा बैल जुपू नगं म्हनावं. आदी डाक्टरला दाखव. आज चालतोय म्हनून उद्या चालंल असं न्हाई. औतात उभ्या उभ्या पडंल."

"मालकानं दुसरंही सांगितलंय," मी म्हटलं. "म्हणतो, बैल फार माणसाळू आहे. चढावर दारोदारी थांबून शेळी व्याली का विचारतो."

लोक हसले. आमच्या ह्यांनी तोंड फिरवलं. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे, आणि गुमान टेम्पोकडे निघाले. भाजीच्या पिशव्या उचलून मी त्यांच्या मागे निघाले. चार लोकांत सासऱ्याला बैल केलं होतं मी!

टेम्पो सुरू झाल्यावर आबा म्हणाले, "उद्या बगू, कुटं जायचं ते."

"आज चालतोय म्हणून उद्या चालेल असं नाही," मी म्हटलं.

ड्रायव्हरला काही कळलं नाही. पण आमच्या ह्यांना कळलं. टेम्पो तसाच नगरच्या रस्त्याला लागला. बैल राहिला बाजारात आणि माझ्या मेथीच्या जुड्या हृदयाच्या दवाखान्यात बाकाखाली सुकत पडल्या.

तिथे छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती बऱ्यापैकी साफ आली. आबांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. पण डॉक्टरीणबाई हुशार. त्यांनी पट्टी बाजूला ठेवून विचारलं, "बाबा, चालताना कुठे थांबावं लागतं?" आबा म्हणाले, "कुटंच न्हाई." मग मी सगळं सांगितलं, शेळीसकट. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, स्वस्थ पडलेल्या माणसाची पट्टी साफ येऊ शकते. चालताना छाती आवळते आणि थांबलं की सुटते, हेच हृदयाचं सांगणं. आणि हेच कधी बसल्याजागी झालं, थांबूनही सुटेना, घाम आला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर सोडा शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

अँजिओग्राफीत एक मोठी नस जवळजवळ बुजलेली निघाली. तिथे स्टेंट टाकला, गावाच्या भाषेत सांगायचं तर 'स्प्रिंग बसवली'. ते आत होते तेवढा वेळ मी बाहेर बसून मेथी निवडत होते, आणि निवडून झाल्यावर देठंसुद्धा निवडत होते. सासूबाई फोनवर विचारत होत्या, ओवा पाठवू का.

आबा घरी आले. आयुष्यभराची तंबाखू सुटली, त्या रागात घरातली भांडी आदळली. गोळ्या रोज सुरू झाल्या. हळूहळू, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, चालायला लागले आणि उन्हाळ्यापर्यंत तो चढ न थांबता चढू लागले. न थांबता म्हणजे न बोलता. म्हातारी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "आबा पुन्ना पयल्यावानी झालं गं. वळखबी देत न्हाईत." मी तिला चहा पाजला. इतकी चांगली तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती.

मग एका सकाळी धुणं वाळत घालताना पाहिलं, तर आबा शिलाई मशीनवाल्याच्या दारात उभे. एक हात भिंतीला. माझ्या हातातलं लुगडं तिथंच पडलं. चप्पल कुठे, पदर कुठे, मी उतारावरून धावत सुटले. पोचले तेव्हा मलाच धाप लागली होती.

"आबा... छातीत..."

"माज्या न्हाई, तुज्या काय झालं ते सांग." ते मला नखशिखान्त न्याहाळत म्हणाले. "उतारावर दम लागतोय व्हय? तुजीच पट्टी काढाय पायजे."

"मग थांबलात का?"

आतून पेढ्यांचं खोकं घेऊन ती पळणारी मुलगी बाहेर आली. भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आबांनी पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला, अर्धा परत खोक्यात ठेवायला गेले, मग स्वतःच्या तोंडात टाकला.

"पयलं थांबाया मिळावं म्हनून बोलायचो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता बोलाया मिळावं म्हनून थांबलोय. तेवढी बी मुभा न्हाई का आमाला?"

मला रडू आलं, ते मी पेढ्याबरोबर गिळलं. त्यांच्या पुढे चालायला लागले, तर मागून आवाज आला, "सावकाश चढ. आन आज भाजीत मीठ घाल जरा."

मी नाही म्हटलं.

"मालकीन गाढव हाय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं न थांबता घरी पोचलो.