मुलाखत पोरीची, प्रॉम्टिंग बुढीचं

या, जरा जवळ सरका. पाहुण्यासारखं दाराशी बसून काय वाचता? आणि तो मोबाइल ठेवा बाजूला. म्हातारं माणूस बोलत असताना खाली मान घालून अंगठा चालवणं बरं दिसतं का? इतक्या दिवसांत "बाई, जिती हायस का?" एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की आमच्या नातीची शिष्यवृत्तीची मुलाखत झाली आणि त्या मुलाखतीत मी नापास झाले.

नातीचं नाव प्रज्ञा. तिला मोठ्या विद्यापीठात जाऊन पाण्याचं शास्त्र शिकायचं होतं. (तलावाचं पाणी मुरतं कुठं, सडतं काऊन, मासोळ्या उलट्या होऊन तरंगतात काऊन, असलं सगळं. आम्ही जन्मभर त्याच तलावात बुडक्या मारल्या, पण त्यात शास्त्र आहे हे कोणी बोललं नव्हतं!) शिष्यवृत्ती मिळाली तरच विद्यापीठ, नाही तर सावली गावच्या चौकातलं झेरॉक्सचं दुकान. दुकानवाला रोज निरोप धाडायचा, "पोट्टी हुशार हाय, पाठवून द्या." अहो, हुशार आहे म्हणूनच तर पाठवायची नव्हती!

लेखी परीक्षा तिची ती पास झाली. तिथं आमचा कोणाचा हात पोचला नाही, म्हणून पास झाली. उरली मुलाखत. तीही घरूनच, मोबाइलवर. साहेब लोक तिकडून विचारणार, हिनं इकडून सांगायचं. घरातच व्हायची म्हटल्यावर घरची माणसं हात जोडून कशी बसतील?

आता माझं शिक्षण सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. मी शाळेत गेले नाही. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं होतात. आमच्या गावचं मंडळ आहे, आणि त्यात प्रज्ञाचे आजोबा काम करायचे. आवाज वाघाचा आणि स्मरणशक्ती कोंबडीची! त्यांना संवाद पाठ व्हावेत म्हणून मी समोर पुस्तक धरून बसायची. धरता धरता अक्षरं ओळखीची झाली, मग शब्द, मग आख्खं नाटक. पुढं मंडळानं मलाच प्रॉम्टर केलं. पडद्यामागं बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचे शब्द हळूच द्यायचे, हे माझं काम. आवाज नटाच्या कानापर्यंत जावा, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानापर्यंत जाऊ नये. आणि मुख्य नियम असा, की नट एका श्वासापेक्षा जास्त गप्प राहिला तर वाट पाहायची नाही. शब्द देऊन टाकायचा! माझ्या शब्दावर कितीक राजे मेले आणि मेलेले उठून घरी गेले. सांगायचा मुद्दा, शांतता मला सोसत नाही.

तर मी मुलाखतीची तालीम लावली. साहेब म्हणून शेजारच्या देवाजीभाऊंना बसवलं. देवाजीभाऊ तलावात मासे धरतात आणि नाटकात राजा होतात. खुर्चीत बसले, मांडीवर मूठ आपटली आणि गरजले,

"बोल! कोण हायस तू? अन् काऊन आलीस इथी?"

"आबा, मुलाखत हाय ही. दरबार नाई."

"मंग साहेब म्हंजे कोण असते? राजाच नं?"

"साहेब हळू बोलतेत."

"हळू बोलणारा राजा मी आजपावतर केला नाई, बाई."

एवढं बोलून ते पुढचा प्रश्न विसरले आणि सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मी दिला, "तुमची कमजोरी..."

"हां! तुमची कमजोरी सांगा!"

प्रज्ञा विचार करायला थांबली. झालं! एक श्वास उलटला, आणि मी तिचंही उत्तर देऊन टाकलं, "मला कामापुढे भूक..."

"आजी!" ती ओरडली. "प्रश्न बी तूच, उत्तर बी तूच. मंग मी कायले बसली इथी?"

"दिसायले," मी म्हटलं. "नाटकात असंच असते."

"कमजोरी म्हणून गुडघे सांग," देवाजीभाऊ म्हणाले. "सगळ्याइले पटते."

"तुम्हाला ही शिष्यवृत्ती का द्यावी?" या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः तयार केलं होतं. 'साहेब, या झाडीच्या मातीत जन्मलेली एक गरीब लेक आज तुमच्या दारी पदर पसरून उभी आहे...' इथं कंठ दाटायचा. प्रज्ञानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, मी कुर्ता घालून बसणार हाय. पदर कुठून आणू?"

"ओढणी पसर!"

"अन् मुलाखतीत रडाचं नसते."

"कोणी सांगितलं? दुसऱ्या अंकात रडलं नाई तं लोकं उठून जातेत!"

वर आणि रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. तीन पिढ्या धानाच्या बांधीत वाकलेल्या, म्हणजे मी बांधावर बसलेली आणि सून सुजाता नि नात चिखलात. मी वरून प्रश्न टाकायची, प्रज्ञा धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावता लावता उत्तर द्यायची. ती जरा थांबली की शेजारच्या बाया सांगायच्या. रोवणी संपत आली तोवर भूजल म्हणजे काय हे गावातल्या सगळ्या बायांना पाठ झालं होतं; फक्त प्रज्ञाला धड एक उत्तर पूर्ण करू दिलं नव्हतं कोणी. सांजेला घरी येऊन सुजाता भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "आई, हे मुलाखत एकदाची होऊन जाऊ द्या वो. रोवणीपेक्षा हेच जड झालं." मलाही तसंच वाटायचं, बरं का. झोपेत मी रोवणीच्या मदतीला आलेल्या जावयाला प्रश्न विचारले, असं लेक सांगत होती. पण थांबणार कसं? पोरीचं पुढचं सगळं त्या एका बैठकीवर होतं.

मुलाखतीचा दिवस आला. वरून सूचना होती की मागं साधी भिंत असावी, आवाज नसावा, आणि खोलीत दुसरं माणूस दिसलं तर मुलाखत रद्द. आमच्या घरात टॉवर फक्त पुढच्या खोलीच्या खिडकीशी येतो, आणि त्या खोलीच्या भिंतीवर विळे, छत्र्या, सूप, गेल्या सालचं कॅलेंडर आणि भिंतीशी धानाची पोती. मग काय, दोरी बांधून सुजाताची निळी साडी आडवी लावली. तिच्यापुढं खुर्ची, खुर्चीवर प्रज्ञा. आता तुम्हीच सांगा, माझ्या घरात पडदा लागला! मी बाहेर बसायचं?

"आजी, तू देवाजी आबाकडं जाऊन बस," प्रज्ञा म्हणाली. "संपेपर्यंत येजो नको. पाया पडते तुह्या."

मी गेले. खरंच गेले. पुढच्या दारानं गेले आणि मागच्या दारानं आले! पडद्यामागं पाहते तर धानाच्या पोत्यावर देवाजीभाऊ, धुतलेला सदरा घालून.

"तुमी काऊन इथी?" मी कुजबुजले.

"खेळ पाहायले," ते म्हणाले.

आपण शब्द द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तोंड उघडायलाच नको म्हणून गालात सुपारी धरली. जमिनीवर मांडी घातली आणि डोळे मिटले.

सुरुवातीची मुलाखत इंग्रजीत झाली आणि फार सुंदर झाली. म्हणजे मला एक अक्षर कळलं नाही. ती कुठं अडली, कुठं सुटली, काही पत्ता नाही, त्यामुळं सगळं सुखरूप चाललं होतं. देवाजीभाऊ तर घोरायला लागले होते. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

मग तिकडच्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "प्रज्ञा, आता जरा मराठीत बोलू. मला सांग, एवढं शिकल्यावर तू गावी परत जाशील का?"

प्रज्ञा गप्प.

एक श्वास गेला. मी सुपारी दाबून धरली. दुसरा श्वास गेला. साडीतून तिची सावली दिसत होती, मान थोडी खाली. बाहेर कोंबडी बोलेना, आत मोबाइल बोलेना. तिसरा श्वास काही माझ्यानं गिळवला नाही. सुपारी गेली एकीकडं आणि तोंडातून निघालं,

"येईन! येईन म्हण!"

पहिल्या रांगेपर्यंत आवाज जाऊ नये हा माझा हातखंडा. पण मोबाइलला पहिली रांग नसते हे मला कोणी सांगितलं होतं?

"मागे कोण आहे?" तिकडून एका साहेबांचा आवाज आला.

"बाई, सीन चुकला," देवाजीभाऊ माझ्या कानात म्हणाले. त्यांची कुजबुज म्हणजे तलावाच्या पाळीवरून मारलेली हाक.

"दोन माणसं आहेत!" साहेब म्हणाले.

मी उठायला गेले. एक पाय झोपला होता आणि दुसऱ्याला मीच नकोशी झाले होते. आधाराला हाताशी आली ती साडी. साडीबरोबर दोरी आली, दोरीबरोबर खिळा, खिळ्याबरोबर सूप, आणि पडदा असा पडला की आमच्या मंडळात कधी वेळेवर पडला नसेल! उघड्यावर मी, पोती, विळे, छत्र्या. नेमकी त्याच वेळी मागच्या दारातून गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेली सुजाता आत आली आणि म्हणाली, "झाली का वं मुलाखत?" आणि पडदा हलला की प्रेक्षकांना वंदन करायचं, हे ज्यांच्या हाडात मुरलंय ते देवाजीभाऊ पोत्यावर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून मोबाइलला लवून नमस्कार करते झाले.

तिकडं कोणीतरी खोकलं. मॅडम असाव्यात, तोंडाला रुमाल लावलेला होता.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "थांबवावं लागेल."

मला वाटलं, आता भुई फाटावी. झेरॉक्सचं दुकान डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि त्यात माझी पोर. आता मात्र खरोखर पुढचा शब्द द्यायची गरज होती आणि माझ्याजवळ एकही नव्हता.

प्रज्ञा रडली नाही. म्हणाली, "सर, ही माझी आजी. गावच्या नाटकात प्रॉम्टिंग करते. कोणी गप्प झालं की तिला राहवत नाही. तिनं सांगितलेलं धरू नका, मला पुन्हा विचारा."

साहेब काही बोलणार तोच मॅडम म्हणाल्या, "आजी, पुढे या. मला दिसाल अशा बसा. आणि तोंडावर हात ठेवा."

"हो जी," मी म्हटलं.

"हात, आजी."

मी हात ठेवला. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा प्रज्ञा गप्प. एक श्वास, दुसरा, तिसरा... पुढं मी मोजायचं सोडून दिलं. एवढी लांब शांतता माझ्या आख्ख्या जन्मात मी मोकळी सोडली नव्हती. हाताआड शब्द तयार होता, हो!

मग ती म्हणाली, "मॅडम, आजीनं 'येईन' म्हटलं ते तिच्या मनातलं आहे. मीही तेच म्हटलं तर तुम्हालाही आवडेल. पण परत येईन की नाही हे मला आज खरंच माहीत नाही. आमच्या तलावाचं पाणी तपासायला मी सोबत नेणार आहे, एवढं नक्की. बाकी या प्रश्नावर मला थोडं अडू द्या."

हा संवाद माझ्या एकाही पुस्तकात नव्हता. सुचलाही नसता मला. तोंडावर हात होता म्हणून बरं. नाही तर दुसरा अंक मीच केला असता.

मोबाइल बंद झाला. प्रज्ञा कोणाशी न बोलता चिखलात उतरली आणि अंधारेपर्यंत पऱ्हे लावत राहिली. घरात कोणी मला काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण म्हटलं ना, शांतता मला सोसत नाही. पुढचे कितीतरी दिवस मी भाकरी थापायची आणि गप्प बसायची. इतकी दमले, इतकी दमले, की रोवणीत कधी तेवढी दमले नव्हते.

आणि एका दुपारी ती बुद्धविहाराच्या ओट्यावरून मोबाइल हातात घेऊन धावतच आली. "आजी! भेटली! शिष्यवृत्ती भेटली!"

मी तोंडावर हात ठेवून उभी.

"आजी, बोल नं काई तरी!"

"तूच बोल माय," मी म्हटलं. "मी आयकते."

देवाजीभाऊ आजही चौकात सांगतात, की शिष्यवृत्ती त्यांच्या नमस्कारामुळं मिळाली. सांगू द्या. राजा माणूस.

आता प्रज्ञा तिकडं असते. जाताना बाटलीभर तलावाचं पाणी घेऊन गेली. (विकतचं पाणी सोडून गढूळ पाणी नेणारी पहिलीच पोर!) दर रविवारी फोन करते. मी रोज ठरवते की विचारायचं नाही, आणि दर रविवारी विचारते, "कधी येशील वं?" तिकडं शांतता होते. मी पदर दातात धरते. माझ्या ओठांवर तो एकच शब्द तयार असतो, पण मी देत नाही. तिला अडू देते. फार थकवा येतो हो, शब्द न देण्याचा.

म्हणून म्हणते, तुम्ही तरी या. धान कापायला यायच्या आत या, देवाजीभाऊंना मासे आणायला सांगते. काय म्हणता, येता ना?

...

पाहा, थांबलात! अहो, "येईन" म्हणा! येईन!